फॉलोअर धबधब्याचे, गिऱ्हाईक आगळाचं: डिचोलीहून आलेल्या एका प्रश्नाला उत्तर

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या आणि त्यांच्या सासूबाई मिळून घरी आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोलां (सुकवलेली कोकमं), तिरफळां आणि शागुतीचा, म्हणजे मटण-कोंबडीच्या गोवन रश्शाचा मसाला करतात आणि दोन वर्षांपासून इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲपवरून विकतात. फॉलोअर 4,300 आहेत. इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्राम फॉलोअरची जी आकडेवारी दाखवतं तिच्यात, त्यांना दिसलं की फॉलोअरपैकी 61 टक्के पुरुष आहेत, सर्वांत मोठा वयोगट 25 ते 34 आहे आणि शहरांत मुंबई-पुणे सगळ्यांत वर आहेत. म्हणून त्यांनी त्याच वर्गाला दहा हजार रुपयांची जाहिरात दाखवली. ऑर्डरी आल्या दोन. ‘मग माझं गिऱ्हाईक आहे तरी कोण, आणि पुढचे पैसे कुणावर घालू?’ सोबत त्यांनी अकाउंटचे स्क्रीनशॉट आणि ऑर्डरींच्या वहीच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवलेत.

ताई, वही पाठवलीत हे फार बरं केलंत. गेली पंधरा वर्षं मी गोव्यातल्या छोट्या धंद्यांसोबत हेच काम करते, आणि दहातले नऊ जण मला फक्त स्क्रीनशॉट पाठवतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ सगळं वहीत आहे.

आधी त्या 61 टक्क्यांचं बघू. तुमचं अकाउंट मी खाली खाली जात शेवटपर्यंत पाहिलं. गेल्या वर्षीच्या जुलैपर्यंत तुमचे फॉलोअर हजाराच्या आतच होते. मग तुम्ही हरवळ्याच्या धबधब्याचं एक रील टाकलंत, भर पावसातलं, पाठीमागे नुसता पाण्याचा आवाज. ते रील लाखांवर गेलं आणि महिन्याभरात तीन हजार माणसं तुमच्या मागे आली. इन्स्टाग्राम रील मुख्यतः अशांनाच दाखवतं जे तुम्हाला ओळखत नाहीत, पण तशा प्रकारचं काही आधी बघत होते. पावसात गोव्याला बाइक काढून येणारी मुंबई-पुण्याची पोरं धबधबे बघतात, त्यांना तुमचा धबधबा दिसला. कमेंटही तशाच आहेत: रस्ता कसा आहे, गाडी कुठे लावायची, पाण्यात उतरू देतात का. आगळाबद्दल त्या रीलखाली एकानेही विचारलेलं नाही.

म्हणजे इनसाइट्स खोटं बोलत नाहीत. त्या धबधब्याच्या प्रेक्षकाचं वय, लिंग आणि गाव सांगतायत. तुमच्या दहा हजारांतून तुम्ही आगळाची बाटली त्या प्रेक्षकासमोर धरलीत. मीही सुरुवातीच्या काळात एका काजूवाल्याचा अख्खा मोसम असाच फॉलोअरच्या वयावर विश्वास ठेवून वाया घालवला होता, आणि ते नुकसान त्या कुटुंबाला वर्षभर पुरलं. म्हणून आता मी फॉलोअरच्या टक्क्यांवर कुणाला पैसे खर्च करू देत नाही. ते वयही लोकांनी खातं उघडताना स्वतः भरलेलं असतं, हे लक्षात ठेवा. कुणी खरं भरतं, कुणी घाईत काहीही.

आता वही. तुमच्या वहीत 212 ऑर्डरी आहेत आणि प्रत्येक पत्त्यावर पिनकोड आहे. मी काल रात्री कागदावर रकाने पाडून त्या पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांनी वेगळ्या केल्या. हे काम तुम्हीही दर तीन महिन्यांनी करा, तासाभरात होतं. पहिले तीन आकडे म्हणजे टपाल जिथे निवडलं जातं तो विभाग. अख्खा गोवा 403, मुंबई आणि ठाणे 400, वसई-विरार 401, कल्याण-डोंबिवली 421, पुणे 411, कोल्हापूर ते सिंधुदुर्ग 416, बेळगाव 590, बंगळुरू 560. (ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. घरगुती धंद्याला इतकं नेमकं आणि फुकट साधन दुसरं नाही, म्हणून त्यांचं नाव घ्यावंसं वाटतं.)

तुमचा हिशेब असा निघाला. गोव्यात 88. मुंबई, ठाणे, वसई आणि डोंबिवली मिळून 52. पुणे 29. कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि बेळगाव मिळून 17. बंगळुरू 12. बाकी 14. इथे थांबलात तर वाटेल की मुंबई-पुणे तर इनसाइट्सही सांगतच होत्या. पण पुढचं पाऊल महत्त्वाचं आहे: ऑर्डरी मोजू नका, घरं मोजा. 212 ऑर्डरी 131 घरांतून आल्या आहेत. त्यातल्या 19 घरांनी तीन किंवा जास्त वेळा मागवलं, आणि त्या 19 घरांच्या एकूण ऑर्डरी 74 आहेत. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक धंदा 19 घरांवर चाललाय. ती 19 घरं म्हणजे तुमचं गिऱ्हाईक. बाकीच्या 112 घरांनी चव घेऊन बघितली आहे.

त्या 19 घरांत गोव्याबाहेरची 11 आहेत, आणि त्यांच्या आडनावांपेक्षा त्यांनी तुम्हाला लिहिलेले मेसेज जास्त बोलतात. तुम्ही एका घरासोबतचं बोलणं दाखवलंत. पार्सल डोंबिवलीला जातं, आईच्या नावावर. पैसे येतात मुलाच्या खात्यातून, तो बंगळुरूला. आणि मेसेज करते सून, ती इन्स्टाग्रामवर तुम्हाला फॉलोही करत नाही, तिला तुमचा नंबर नणंदेकडून मिळाला. एका बाटलीमागे तीन माणसं: विचारणारी, पैसे देणारा, खाणारी. यूपीआयवर नाव पुरुषाचं दिसतं म्हणून तुम्ही वहीत ‘पुरुष’ लिहिलंत, तर 35 वर्षांचा पुरुष गिऱ्हाईक ठरतो. प्रत्यक्षात चव ठरवणारी बाई साठीच्या पुढची आहे आणि बोलणारी चाळिशीतली. जाहिरात बोलणारीला दिसायला हवी आणि मजकूर खाणारीच्या जिभेला पटायला हवा. वहीत आता या तिघांसाठी तीन रकाने करा. ‘कोण विचारतं, कोण पैसे देतं, कुणासाठी’ एवढंच.

चौथा रकाना करा पहिल्या प्रश्नाचा. माझ्या अनुभवात गिऱ्हाइकाची ओळख वयापेक्षा त्याच्या पहिल्या प्रश्नावरून लवकर पटते. तुमच्या चॅटमध्ये दोन तऱ्हा स्पष्ट आहेत. एक तऱ्हा विचारते: ‘सोलां यंदाचीच ना? उन्हात सुकवलीत की भट्टीत?’ किंवा ‘आगळाला मीठ किती घातलंय?’ ही माणसं घरात आगळ बघत वाढली, मग ती पणजीत असोत नाहीतर पुण्यात. त्यांना रेसिपी नको, खात्री हवी. दुसरी तऱ्हा विचारते: ‘आगळ म्हणजे सरबत का? साखर असते का? किती दिवस टिकतं?’ ही माणसं गोव्यात फिरायला आली, कुठेतरी सोलकढी प्यायली आणि ती चव घरी न्यायची म्हणतात. तुमच्या 19 घरांत पहिल्या तऱ्हेची 16 आहेत. दुसऱ्या तऱ्हेचे लोक एकदा लहान बाटली घेतात, अमृत कोकम समजून पाण्यात घालतात, खारट लागतं आणि परत येत नाहीत. त्यांना गिऱ्हाईक करायचं असेल तर बाटलीवर ‘सोलकढीसाठी, खारट’ असं ठळक लिहा. त्याचा जाहिरातीशी संबंध नाही, लेबलाशी आहे.

आता गोव्यातल्या 88 ऑर्डरी. इथे आपल्या राज्याची एक खास अडचण आहे आणि बाहेरचे मार्केटिंगचे क्लास ती शिकवत नाहीत. गोव्यात एकाच रस्त्यावर तीन वेगळे गाव चालतात: इथले, फिरायला आलेले, आणि गेल्या काही वर्षांत दिल्ली-बंगळुरूहून येऊन घर घेऊन राहिलेले. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीच्या) जाहिरातीत पूर्वी ‘इथे राहणारे’ आणि ‘इथे प्रवासाला आलेले’ असे वेगळे पर्याय होते. 2023 मध्ये ते काढून एकच ठेवला: राहणारे किंवा नुकतेच तिथे असलेले. म्हणजे तुम्ही ‘गोवा’ निवडलं की कळंगुटच्या हॉटेलात चार दिवसांसाठी उतरलेलं कुटुंबही त्यात आलं. डिसेंबरात ही भेसळ सर्वांत जास्त, शिवाय जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते, आणि त्या महिन्यात हॉटेलं, पार्ट्या, कॅसिनो सगळे त्याच माणसांवर बोली लावतात. तुमच्या शंभर रुपयांना जुलैत जेवढे डोळे मिळतात तेवढे डिसेंबरात मिळत नाहीत. म्हणून गोव्यासाठी जाहिरात करायची तर पावसाळ्यात करा, आणि किनाऱ्याची पट्टी वगळून तिसवाडी, फोंडा, डिचोली, सासष्टीच्या आतल्या भागावर ठेवा. नकाशावर जागा वगळण्याची सोय आहे, ती वापरा.

88 मधले पिनकोड पूर्ण सहा आकडी वाचले तर आणखी एक गोष्ट दिसते. 403504 आणि 403505, म्हणजे तुमचं डिचोली आणि साखळी, तिथल्या ऑर्डरी ओळखीपाळखीच्या आहेत, त्यांना जाहिरातीची गरज नाही. पण 403509 हणजूण आणि 403517 शिवोली इथून 9 ऑर्डरी आल्यात आणि त्या सगळ्या इंग्रजीत बोलून, मोठ्या बाटल्यांच्या. ही येऊन राहिलेली माणसं. संख्या लहान आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नका, पण त्यांच्यावर वर्षभर नजर ठेवा.

तुमच्या वेबसाइटच्या गूगल ॲनालिटिक्समध्येही मुंबई वर दिसते म्हणून तुमचा गोंधळ वाढला, असं तुम्ही लिहिलंय. तिथे शहर हे इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाजाने ठरतं. मोबाइल डेटा वापरणाऱ्याचा तो पत्ता बऱ्याचदा कंपनीचं जाळं जिथून बाहेर पडतं त्या मोठ्या शहराचा दिसतो. टेलिकॉमच्या नकाशावर गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या महाराष्ट्र विभागात आहे. वाळपईच्या वाड्यावर बसून तुमची साइट उघडणारी बाई तिथे मुंबईकर किंवा पुणेकर म्हणून मोजली जाऊ शकते. घरी वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर स्वतःच साइट उघडा आणि रिअलटाइममध्ये तुम्ही कुठे दिसता ते बघा. एकदा डोळ्यांनी बघितलं की त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुमचं तुम्हाला कळेल.

भाषेचं मी थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे गोव्यातले जवळजवळ सगळे धंदे चुकतात. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545 होती आणि मातृभाषा म्हणून सुमारे 66 टक्क्यांनी कोंकणी आणि सुमारे 11 टक्क्यांनी मराठी सांगितली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, त्यामुळे हेच आकडे सगळे वापरतात. पण मातृभाषा आणि वाचायची भाषा आपल्याकडे एक नाही. घरात कोंकणी बोलणारी कितीतरी घरं सकाळी मराठी पेपर वाचतात, मराठीत भजन म्हणतात आणि मोबाइल मात्र इंग्रजीत ठेवतात. सासष्टीतलं ख्रिस्ती घर कोंकणीच बोलतं, पण रोमी लिपीत वाचतं किंवा थेट इंग्रजीत. फेसबुकला यातलं काही कळत नाही. त्याला दिसते मोबाइलची भाषा, म्हणजे इंग्रजी. तुम्ही जाहिरातीत भाषा ‘मराठी’ निवडलीत तर तुमचं मराठी वाचणारं गिऱ्हाईकच गाळलं जाईल. भाषेचा रकाना रिकामा ठेवा आणि मजकुरालाच माणसं निवडू द्या. ‘यंदाची सोलां सुकली’ असं लिहिलेल्या पोस्टवर जो थांबेल तो तुमचाच.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि हे मी अगदी कळकळीने सांगते. गोव्यात आडनावावरून धर्म आणि गाव कळतो, म्हणून वहीत गिऱ्हाइकाचा धर्म किंवा जात लिहून ठेवायचा मोह होतो. लिहू नका. एक तर ते त्या माणसाने तुम्हाला सांगितलेलं नाही. मेटानेही जानेवारी 2022 पासून धर्मासारख्या नाजूक विषयांवरचे निवडीचे पर्याय काढून टाकलेत. दुसरं म्हणजे त्यातून अंदाज चुकतात: तुमच्या शागुतीच्या मसाल्याची सगळ्यांत मोठी ऑर्डर कुणाकडून आली ते तुम्हीच बघा. त्याऐवजी लोक स्वतःहून जो प्रसंग सांगतात तो लिहा. चवथ (गणेशचतुर्थी), नाताळ, लग्न, बाळंतपण, फोंड्याला कुलदेवतेला येणं, आखातातून सुट्टीवर येणं. प्रसंगावरून तारीख कळते, आणि तारीख कळली की कधी बोलायचं ते कळतं. तुमच्या वहीतल्या ऑर्डरी एप्रिल-मे आणि चवथीच्या आधीचे तीन आठवडे अशा दोन ढिगांत पडतात. पहिला ढीग पुरुमेंताचा आहे: पावसाआधी वर्षाची बेगमी करायची सवय मुंबईत राहूनही सुटलेली नाही. तुम्ही जाहिरात केलीत फेब्रुवारीत, जेव्हा घरात गेल्या वर्षीची सोलां अजून शिल्लक असतात.

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे, तेव्हा नंबर घेताना ‘नवीन माल आला की मेसेज करू का?’ एवढं विचारा आणि ‘हो’ आलेला मेसेज पुसू नका. नाही म्हणणाऱ्याला यादीतून लगेच काढा.

आता पुढचे दहा हजार. महिनाभर एकही रुपया जाहिरातीवर घालू नका. आधी त्या 19 घरांना फोन करा, फॉर्म पाठवू नका. साठीच्या बाईला फॉर्म भरायला लावलं तर ती सुनेकडे देते आणि सून विसरते. फोनवर तीन गोष्टी विचारा: आमचा नंबर पहिल्यांदा कुणी दिला, घरात कोण जास्त खातं, आणि संपलं की काय करता. तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. ‘बाजारातलं आणतो’ असं उत्तर आलं तर तुम्ही वेळेवर आठवण करून देत नाही आहात. ‘सासरची पाठवतात’ आलं तर तुमची स्पर्धा कंपन्यांशी नाही, त्यांच्या सासरशी आहे. तिथे किमतीवरून भांडून उपयोग नाही.

मग तीन हजार नमुन्यांवर घाला. त्या 19 घरांच्या पुढच्या पार्सलात तिरफळांच्या दोन छोट्या पुड्या ठेवा, एक त्यांना, एक शेजारी द्यायला. सोबत एक चित्र व्हॉट्सॲपवर पाठवा, ज्यात माल, वजन, किंमत आणि नंबर सगळं त्या एकाच चित्रात असेल. तुमचं खरं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर कमी आणि महिला मंडळाच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर जास्त आहे, आणि तिथे चित्र फॉरवर्ड होताना त्याखालचा मजकूर गळू शकतो. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची व्हॉट्सॲपची यादी) वापरत असाल तर तिच्यात 256 नंबर मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून फोनवर ‘नंबर सेव्ह करा हां’ म्हणायला विसरू नका.

चार हजारांच्या दोन जाहिराती, दोन-दोन हजारांच्या, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. ठिकाण मुंबई, ठाणे, डोंबिवली आणि पुणे. वय 35 च्या पुढे, स्त्री-पुरुष दोन्ही. ॲप ‘ॲडव्हान्टेज प्लस’ हा प्रेक्षक आपोआप निवडणारा पर्याय सुचवेल, त्यात तुम्ही दिलेलं वय फक्त सूचना म्हणून घेतलं जातं, म्हणून सध्या तो बंद ठेवा. फोटो दोन्हींत एकच: अंगणात सुपात वाळणारी सोलां, सासूबाईंचे हात दिसतील असा. एकीचा मजकूर मराठीत, दुसरीचा इंग्रजीत. मराठीत लिहा ‘सोलां असं लिहून पाठवा’, इंग्रजीत ‘कोकम असं लिहून पाठवा’. आलेल्या मेसेजच्या पहिल्या शब्दावरूनच कुठली जाहिरात चालली ते कळेल, वेगळं काही बसवायला नको. ऑर्डरी थोड्या येतील, त्यामुळे फक्त ऑर्डरी मोजू नका. ‘यंदाचीच ना?’ विचारणारे कुठून जास्त आले ते मोजा.

उरलेले तीन हजार चवथीच्या तीन आठवडे आधीसाठी ठेवा. गिऱ्हाइकांची यादी चढवून त्यांच्यासारखी माणसं शोधायची सोय मेटात आहे. तिला एका देशातले किमान 100 जण लागतात आणि तुमची 131 घरं आहेत. पण त्यातली बहुतेक एकदाच घेणारी आहेत, त्यांच्यासारखी माणसं शोधून काय मिळणार? दोनदा घेणारी घरं शंभरावर गेली की त्याकडे वळा.

आणि धबधब्याचं रील काढू नका, कुणाचं काही बिघडलेलं नाही. फक्त आठवड्यातून तीनदा तरी सुपातली सोलां दिसू द्या. सहा महिन्यांत इनसाइट्समधलं वय हळूहळू वर सरकायला लागेल, आणि तेव्हा ते टक्के वाचायच्या लायकीचे होतील.

फोनची सुरुवात डोंबिवलीच्या त्या घरापासून करा. दोन वर्षांत त्यांनी आठ वेळा मागवलंय, सगळ्यांत जास्त, आणि गेल्या चवथीनंतर वहीत त्यांची एकही ओळ नाही.